कोलाडच्या रुळांवर ट्रक

रोह्याहून कोकण रेल्वेने निघाले की पहिलं स्टेशन कोलाड. २६ जानेवारी १९९९ रोजी इथून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत रो-रो सेवा सुरू झाली आणि मालासकट ट्रकच गाडीवर चढू लागले.

ट्रक उतरणीवजा रॅम्पवरून सपाट वॅगनवर चढतो आणि एका वॅगनवरून दुसरीवर जात पुढे सरकतो. मार्गात बोगदे आहेत, त्यामुळे भरलेल्या ट्रकची उंची आधी मोजावी लागते. मग चाकं घट्ट जखडतात. ड्रायव्हर-क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून प्रवास करतात. घाटरस्त्यांवर रात्रभर जागणाऱ्या माणसाला मिळणारी ही विश्रांती डिझेलच्या बचतीइतकीच मोलाची.

२००४ मध्ये ही सेवा कर्नाटकातील सुरतकलपर्यंत पोहोचली.