लोहाराची भट्टी कशी पेटवावी?



मृग जवळ आला की फाळ, कुळवाची पास, खुरपी, विळे पाजवून घ्यायची एकच घाई उडते. गावात लोहार नसला, किंवा दरसाल पालं टाकणारे घिसाडी आले नाहीत, की काही जण घरीच भट्टी लावतात. मग कोळसा धड पेटत नाही; पेटला तर फाळाचं टोकच जळून जातं आणि ऐन हंगामात नव्या फाळाचा खर्च बसतो. दोष लोखंडाचा नसतो, घाईचा असतो. जुने जाणते लोहार भट्टी कशी लावतात, ते पाहा.

१. आधी जुनी राख आणि वितळून घट्ट झालेला मळ काढून टाका. भात्याच्या नळीचं तोंड बुजलं असेल तर मोकळं करा.

२. नळीच्या तोंडाशी वाळक्या काड्या किंवा गोवरीचा चुरा ठेवून त्यावर चुलीतला निखारा ठेवा. रॉकेल ओतू नका, भडका अंगावर येतो.

३. भाता हळूहळू चालवा. काड्यांनी पेट घेतला की सुपारीएवढे लाकडी कोळसे घाला. ते लाल झाले की दगडी कोळसा बाजूनं थोडा थोडा सरकवा. त्याचा पिवळट धूर निघतो. त्यात गंधक असतं आणि ते लोखंडाला ठिसूळ करतं. धूर संपून विस्तव स्वच्छ होईपर्यंत फाळ आत घालू नका.

४. फाळ नळीच्या तोंडाशी ठेवू नका. तिथला ताजा वारा लोखंड खातो. मध्ये चार बोटं तरी जळता कोळसा असावा. फाळ नारिंगी झाला की ठोकायला घ्या. पांढरा पडून ठिणग्या उडू लागल्या, तर लोखंड जळतंय समजा आणि लगेच बाहेर काढा.

आता बऱ्याच ठिकाणी कातडी भात्याच्या जागी विजेचा पंखा आला आहे. पंखा दमत नाही, म्हणून त्याचा वारा सुरुवातीला अडवून कमी ठेवा.

भट्टी बंद खोलीत लावू नका, कोळशाच्या विषारी वायूनं जीव जातो. कडब्याच्या गंजीपासून लांब बसा. जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड भट्टीत घालू नका. त्याच्या धुरानं थंडी वाजून ताप येतो. जवळ पाण्याची बादली ठेवा.

थोडक्यात, आधी हळू वारा, मग कोळसा आणि विस्तव स्वच्छ झाल्यावर लोखंड. एवढा क्रम पाळलात तर फाळ वाचेल आणि पेरणीही वेळेवर होईल.