दोघांची होडी

अंदमान हा शब्द कानीं पडतांच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें सेल्युलर तुरुंगाची भिंत उभी राहते. काळ्या पाण्याची ती स्मृति विसरण्याजोगी नाहीं, आणि विसरूंहि नये. परंतु त्याच समुद्रांत, श्रीविजयपुरम् म्हणजे २०२४ पर्यंतचें पोर्ट ब्लेअर, येथून वेगवान बोटीनें सुमारें दोन तासांवर एक लहानसें बेट आहे. पूर्वी त्यास हॅवलॉक या इंग्रज सेनापतीचें नांव होतें. २०१८ सालीं तें बदलून स्वराज द्वीप असें झालें. तेथें मी व माझी पत्नी यांनीं फेब्रुवारींतील एक दिवस केवळ विसाव्यासाठीं घालविला. विसावा घेणें हीहि एक विद्या आहे आणि ती आम्हांला एका होडीनें शिकविली. ती कशी, हें आज सांगावयाचें आहे.

या बेटावर दिवस लवकर उगवतो व लवकर मावळतो. आपलें प्रमाण घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलें असतें. हें बेट सुमारें ९३ अंशांवर आहे, आणि मुंबई ७३ अंशांवर. एक अंश ओलांडावयास सूर्याला ४ मिनिटें लागतात. म्हणजे मुंबईच्या मानानें येथला सूर्य सुमारें ८० मिनिटें पुढें असतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. मुंबईच्या संवयीनें उशिरां उठणाऱ्याचा निम्मा आनंद अंथरुणांतच सरतो. आम्ही न्याहारी उरकून साडेआठ वाजतां बेटाच्या उत्तर अंगास, जेट्टीजवळच्या कांदळवनापाशीं हजर झालों.

तेथें कयाक नांवाची होडी आमची वाट पाहात होती. मूळची ही होडी ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशांतील इन्युइट शिकाऱ्यांची. समुद्रांत वाहून आलेल्या लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सील माशाचें म्हणून ओळखलें जाणारें, पण खरोखर सस्तन असलेल्या त्या प्राण्याचें कातडें ताणून ती करीत. आतां ती प्लॅस्टिकची होते व उष्ण कटिबंधांतहि फिरते. तिचें वल्हें दोन्ही टोंकांना पात्यांचें असतें. तें एकदां उजवीकडे, एकदां डावीकडे मारावें लागतें. उजवीकडे मारलें कीं नाळ डावीकडे वळते, डावीकडे मारलें कीं उजवीकडे. दोन्ही बाजू सारख्या पडल्या, तरच होडी सरळ जाते.

दोघांची होडी म्हटली कीं हा हिशेब अवघड होतो. माझी पत्नी पुढें बसली, मी मागें. तिला पोहतां येत नाहीं. अंगांत तरंगणारें जाकीट होतें, तरी तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मी लगेच आज्ञा सोडूं लागलों, "अगं, उजवीकडे! आतां डावीकडे! जोरानें!" तीन मिनिटांत आमचीं वल्हीं पांच वेळां एकमेकांवर आदळलीं आणि होडी जागच्या जागीं भोंवऱ्यासारखी फिरली. "अहो, मला मागचें कांहीं दिसत नाहीं; तुम्हांला मात्र मी दिसतें," ती मान न वळवितां म्हणाली. शेजारच्या होडींतला वाटाड्या हंसला. तो म्हणाला, "बाईसाहेबांचें बरोबर आहे. ताल पुढच्यानें धरायचा, मागच्यानें तो पाहून वल्हें टाकायचें. दिशा तेवढी मागच्यानें सांभाळायची."

कारण उघड आहे. पुढच्याला मागचा दिसत नाहीं, म्हणून त्याला दुसऱ्याच्या तालावर चालतां येणें शक्यच नाहीं. ज्याला दिसतें, त्यानेंच जुळवून घेतलें पाहिजे. तीस वर्षांच्या संसारांत हा नियम मला कोणी इतक्या स्पष्टपणें सांगितला नव्हता. मी तोंड मिटलें व तिच्या खांद्यांकडे पाहून वल्हें टाकूं लागलों. तिची गति माझ्या गतीहून मंद होती. पण होडी सरळ निघाली. थोड्या वेळानें तिचे खांदे सैल पडलेले मला दिसले.

वाटाड्यानें वेळ मोठ्या विचारानें निवडली होती. अंदमानांत दिवसांतून दोनदां भरती व दोनदां ओहोटी होते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारें १२ तास २५ मिनिटें जातात. अमावास्या जवळ असल्यानें उधाणाचे दिवस होते, व पूर्ण भरती दहाच्या सुमारास यावयाची होती. भरतीच्या ओढीबरोबर आंत शिरावें, पाणी थबकलें कीं वळावें, आणि ओहोटीबरोबर बाहेर यावें, असा बेत. दोन्ही वेळां समुद्रच अर्धें वल्हें मारतो.

कांदळवन आमच्या कोंकणच्या खाड्यांतहि आहे. तरी होडींतून तें इतक्या जवळून आम्ही प्रथमच पाहिलें. चिखलांत प्राणवायु जवळजवळ नसतो, म्हणून कांदळाचीं मुळें खोडापासून कमानीसारखीं बाहेर येतात, तर तिवराचीं मुळें चिखलांतून बोटांसारखीं वर डोकावून श्वास घेतात. कांदळाचें बीं झाडावरच अंकुरतें व लांब शेंगेसारखें होऊन खालीं पडतें. या वनाचें जीवन भरतीवर अवलंबून असतें. २००४ सालच्या २६ डिसेंबरच्या भूकंपांत अंदमानच्या उत्तर भागाची जमीन वर उचलली गेली. पाणी पोंचेनासें झालें आणि तेथलीं कित्येक कांदळवनें उभ्या उभ्या वाळलीं.

एका फांदीवर खंड्या बसला होता. मला आणखी थांबावयाचें होतें; पण वाटाड्यानें मुळांवरील ओली रेघ दाखविली. पाणी चार बोटें उतरलें होतें. आम्ही निमूटपणें वळलों. येथें हट्ट चालत नाहीं. खाऱ्या पाण्यांतील मगरीहि या समुद्रांत आहेत. २०१० सालीं याच बेटाच्या किनाऱ्याजवळ एका परदेशी स्त्रीचा मगरीनें बळी घेतला. म्हणून वाटाड्याशिवाय कांदळवनांत शिरूं नये, आणि सूचनेची पाटी असेल तेथें पाण्यांत पाऊल टाकूं नये.

दुपारीं शहाळें पिऊन झोंप काढली, व चारनंतर पश्चिमेकडील राधानगरच्या पुळणीवर गेलों. ओहोटीनें वाळू दूरवर उघडी पडली होती. ही वाळू पांढरी, कारण तींत पोंवळ्यांचा व शिंपल्यांचा चुरा पुष्कळ असतो. पोंवळीं कुरतडणारा पोपटमासाहि त्यांत भर घालतो. पांढरा रंग ऊन परतवितो, त्यामुळें पाय पोळत नाहींत. साडेपांचच्या आंत सूर्य बुडाला. आम्ही फारसें बोललों नाहीं.

रात्रीं मुक्कामाच्या कांठावर काळोख दाट होता. लाटेनें ओली केलेली वाळू पत्नीनें पायानें सहज ढवळली आणि निळसर ठिणग्या उमटल्या. समुद्रांत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव असतात. पाणी हललें कीं त्यांच्या शरीरांतील एक द्रव्य प्राणवायूशीं मिळून प्रकाश देतें. त्यांत उष्णता जवळजवळ नसते. चांदण्यांत हा उजेड फिका पडतो, म्हणून अंधाऱ्या रात्रींच तो पाहावा.

"उद्यां पुन्हां होडींतून जाऊं या का?" तिनें विचारलें. सकाळीं होडींत बसावयास भ्यालेली तीच. मी म्हणालों, "जाऊं, मात्र पुढें तूंच बस." बेटावर जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याला माझें एवढेंच सांगणें आहे: भरतीची वेळ विचारून घ्या, वाटाड्याचें ऐका, आणि मागें बसणाऱ्यानें पुढच्याचा ताल पाहावा.