कापू का हाती देऊ?

खामगाव, मलकापूरच्या एमआयडीसीत कामावर घेताना ठेकेदार विचारतो, ‘ईएसआय कापू का पूर्ण पगार हाती देऊ?’ विहारात रक्तदाब तपासायला बसलो की बायका हे सांगतात. बहुतेकींनी ‘हातीच द्या’ म्हटलेलं असतं. घरात तेल-मीठ लागतं, त्यांना दोष कसा द्यायचा?

पण असं विचारणंच कायद्यात बसत नाही. जिथे १० किंवा जास्त माणसं कामाला आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत, तिथे कर्मचारी राज्य विमा सक्तीचा आहे. ‘नको’ म्हणायची मुभा कामगाराला नाही, मालकालाही नाही. १२,००० पगारावर तुमचे कापले जातात ०.७५ टक्के, म्हणजे ९० रुपये. मालकाने भरायचे ३.२५ टक्के, म्हणजे ३९०. तुमचे नव्वद वाचवतो म्हणणाऱ्याचे किती वाचले, ते बघा.

आजारपणात घरी बसावं लागलं तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण मजुरी. मात्र आजारपणाच्या मजुरीसाठी सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. मध्येच ‘ब्रेक’ दिला की दिवस भरत नाहीत!

‘महात्मा फुले योजना आहे की,’ असं पुष्कळ जण म्हणतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात आहेत, ती सोडू नका. पण बुडालेली मजुरी ती देत नाही. ठेकेदाराने काढलेली अपघात पॉलिसीही ईएसआयच्या जागी चालत नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, प्रा. बी. पी. अदारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ चा कायदा आला.

निवड करायचीच तर ती पुढे आहे. दवाखाना कोणता लावायचा, हे नोंदणीच्या वेळी सांगता येतं. अवलंबून असलेल्या आईवडिलांची नावंही तेव्हाच घाला. २१,००० च्या वर पगार असलेल्यांना कंपनी गटविमा देत असेल, तर तिथे विमा कंपनी आणि रक्कम मालकच ठरवतो.

ठेकेदाराने वर्गणी भरली नाही, तर ती भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. म्हणून पगारपत्रकावर १० अंकी विमा क्रमांक आहे का बघा. नसेल तर १८००-११-२५२६ वर फोन करा, पैसे पडत नाहीत. बोलताना ठेकेदाराबरोबर कंपनीचंही नाव सांगा.