नदीचा काठ, खराडीची कसोटी

फेब्रुवारी २०२४मध्ये पुण्यातल्या खराडी, केशवनगर आणि मुंढवा परिसरात मुळा-मुठेच्या पात्रावर डासांचे उंचच उंच खांब उभे राहिले. वावटळीसारखे गरगरणारे ते थवे देशभर मोबाइलवर पाहिले गेले. डास आणि डासांसारखेच दिसणारे, न चावणारे किडे समागमासाठी असे थवे करतात. त्यामुळे थव्यांपेक्षा त्यांना पोसणारं पाणी बघायला हवं होतं. पावसाळा सरला की नदीचा प्रवाह मंदावतो, शहराचं सांडपाणी मात्र वाहतच राहतं. त्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर जलपर्णी फोफावते. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती अनुकूल पाण्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिच्याखालच्या प्राणवायू हरवलेल्या पाण्यात मासे तगत नाहीत, अळ्या तगतात. परिसंस्था जुळवून घेते ती अशीही, माणसाला नकोशा वाटणाऱ्या दिशेने.

पाच महिन्यांनी याच नदीने दुसरं टोक दाखवलं.

२५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणी घाटात २४ तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडावं लागलं आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली. ते पाणी संगमावर मुळेला मिळून बंडगार्डन, मुंढवा, खराडी, मांजरी असं भीमेकडे गेलं. पुणे शहरात वर्षभरात सरासरी ७००-७५० मिलिमीटर पाऊस पडतो. महापूर येतो तो घाटातून. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं, पण सगळ्यांत खालच्या खडकवासल्यात जेमतेम दोन. ते झटकन भरतं आणि दारं उघडावी लागतात. म्हणूनच खराडीत रस्ते कोरडे असतानाही नदी चढू शकते.

अशा नदीबरोबर जगण्याची विद्या काठाच्या झाडांना आहे. वाळुंजाच्या फांद्या मोडून वाहत गेल्या तरी ओल्या मातीत मूळ धरतात. शेरणीची लवचिक झुडपं पुराच्या लोंढ्याखाली आडवी होतात आणि पाणी ओसरलं की पुन्हा उभी राहतात. पाणकणीस गाळ अडवतं आणि सांडपाण्यातली पोषकद्रव्यं शोषतं. काठाला काँक्रीटची भिंत बांधली की हे सगळं कामच थांबतं. दख्खनच्या जुन्या गावांनीही हेच ओळखलं होतं: घरं उंचवट्यावर, नदीलगत शेती. पूर आला तर पीक जायचं, घर वाचायचं.

खराडी १९९७मध्ये पुणे महापालिकेत आली. पुढे आयटी पार्क आले, शेतजमिनींवर टोलेजंग सोसायट्या उभ्या राहिल्या. आज तिथे उन्हाळ्याशी जुळवून घेणं म्हणजे टँकर आणि खोल खोल जाणारी बोअर. जानेवारी २०२१पासून भामा-आसखेड योजनेचं पाणी पूर्व पुण्याला मिळू लागलं. त्याने खराडीला दिलासा मिळाला, पण ते पाणी खेड तालुक्यातून येतं आणि तिथल्या धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आहेत. एका वस्तीची तहान दुसरीच्या माथी मारणं ही खरी तयारी नव्हे.

पुराच्या तयारीची एक चौकट कागदावर आहे. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. पण पात्रात टाकलेला राडारोडा आणि भराव यांमुळे नदीची वहनक्षमता घटली, तर कालच्या मोजणीवर आखलेली रेषा उद्याच्या पुराला पुरणार नाही. महापालिकेच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधारणा प्रकल्पावरही पर्यावरण कार्यकर्त्यांचा मुख्य आक्षेप पात्र अरुंद होण्याचाच आहे. त्या आक्षेपाला सुशोभीकरणाच्या चित्रांनी उत्तर मिळत नाही.

‘जीवितनदी’सारख्या पुण्यातल्या संस्थेने नदीकाठाचे तुकडे दत्तक घेण्याची कल्पना नागरिकांपर्यंत नेली. विठ्ठलवाडी आणि औंध इथे तसं काम उभं राहिलं. खराडीत नदी दिसणारा फ्लॅट घेणाऱ्यांनी आधी पूररेषेचा नकाशा मागावा. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा रोज चालते का, हे विचारावं. आणि पात्रात रात्री राडारोड्याचा डंपर रिकामा होताना दिसला, तर त्याच रात्री महापालिकेकडे तक्रार नोंदवावी.