सरवद्याचे फादर हॉफमन

मिशनरी म्हटले की शुभ्र झगा, हातात क्रूस आणि भोवती भाविकांचा मेळा असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. झारखंडातील खुंटीजवळच्या सरवदा या गावी राहिलेल्या फादर जॉन बाप्टिस्ट हॉफमन या जर्मन जेझुइटांचे आयुष्य मात्र बरेचसे जमिनीच्या तंट्यांचा उलगडा करण्यात आणि शब्दांची टिपणे काढण्यात गेले.

तो तंटा काय होता, हे आधी पाहू. मुंडा लोकांत, जंगल तोडून ज्यांनी गाव वसविले त्यांचे सारे वंशज त्या भूमीचे सामाईक मालक. या पद्धतीस खुंटकट्टी म्हणतात. राजाला ते जे देत ती वर्गणी होती. जमिनीचे भाडे नव्हे. इंग्रजी अमलात कोर्ट विचारू लागले, पट्टा कोठे आहे? मुंडांजवळ पट्टा नव्हता. पूर्वजांच्या अस्थींवर ठेवलेल्या ‘ससनदिरी’ शिळा हाच त्यांचा दस्तऐवज. आणि शिळा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कशी उभी राहणार? बाहेरून आलेल्या जमीनदारांनी व ठेकेदारांनी, मुंडांच्या भाषेत ‘दिकूं’नी, याचा पुरेपूर लाभ घेतला. मालक होते ते कूळ झाले आणि वेठबिगारीला जुंपले गेले.

१८८५ साली आलेल्या फादर कॉन्स्टंट लिव्हन्स या बेल्जियन जेझुइटांनी प्रथम कायद्याचा अभ्यास केला आणि लोकांना त्यांचे हक्क समजावून दिले. थोड्याच वर्षांत हजारोंनी बाप्तिस्मा घेतला. मी स्वतः ख्रिस्ती आहे, तरी सांगितले पाहिजे की यांतील पुष्कळांना ओढ होती ती खटला जिंकण्याची. लिव्हन्स क्षयाने खंगून १८९३ साली, अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारले.

हॉफमन अधिक खोल गेले. आपल्या साष्टीत फादर स्टीफन्स यांनी केले तेच त्यांनी केले: आधी भाषेचे शिष्यत्व पत्करले. १९०३ साली त्यांचे मुंडारी व्याकरण प्रसिद्ध झाले. वर्गात मुलांकडून नाम आणि क्रियापद वेगळे ओळखून घेणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाची तेथे फजितीच व्हायची. मुंडारीत ‘बुरू’ म्हणजे डोंगर. पण क्रियापदाच्या जागी तोच शब्द येतो आणि त्याचा अर्थ लाकडांचा ढीग रचणे असा होतो! अशी भाषा बोलणाऱ्यांची जबानी दुभाष्याच्या तोंडून कोर्टात पोहोचताना काय उरत असेल, याची कल्पना करावी.

तरीही मुंडांनी त्यांना सर्वस्वी आपले मानले नाही. चाइबासाच्या मिशन शाळेत शिकलेल्या बिरसा मुंडांना पाद्री आणि साहेब एकाच माळेचे मणी वाटत. १८९९ च्या नाताळाच्या पूर्वसंध्येला सरवद्याच्या मिशनवर बंडकऱ्यांचे बाण सुटले. हॉफमन या बंडाचे विरोधक होते, आणि बंडकऱ्यांचा राग अकारण होता असे मला म्हणवत नाही. ९ जून १९०० रोजी बिरसा रांचीच्या तुरुंगात वारले.

बंड मोडले, पण त्यामागचे गाऱ्हाणे सरकारला टाळता आले नाही. मुंडांच्या जमीनपद्धतीवर हॉफमन यांनी लिस्टर या अधिकाऱ्यासह टिपण लिहिले, आणि १९०८ च्या छोटा नागपूर कूळकायद्यात खुंटकट्टीला मान्यता मिळाली. आदिवासींची जमीन बाहेरच्या माणसाच्या हाती जाण्यावर निर्बंध आले. परंतु कर्ज असेल तर जमीन कायद्यालाही चकवून निसटते. म्हणून १९०९ साली हॉफमन यांनी सहकारी पतसंस्था काढली. धर्मोपदेशकाने चालविलेली पेढी! पण सावकाराच्या दारातली वाट मोडायला तीच उपयोगी होती.

१९१५ साली महायुद्धात, जर्मन म्हणून, सरकारने त्यांना हद्दपार केले. ज्या सरकारला त्यांनी कायदा करण्यास साहाय्य केले, त्याच सरकारने! जर्मनीतील ट्रियर येथे, मुंडांचे बोल कानी पडत नसताना, ते मुंडारी ज्ञानकोशाचे काम करीत राहिले. १९२८ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे सहकारी फादर व्हॅन एमेलन यांच्या साह्याने सिद्ध झालेल्या त्या कोशाचे खंड १९३० पासून निघू लागले. शब्दांबरोबर शेती, सण, विधी, नातीगोती असे सारे मुंडा जीवन त्यांत आहे.

१९०८ चा कायदा अद्याप लागू आहे. २०१६ साली झारखंड सरकारने त्यात बदल करण्याचे विधेयक आणले, तेव्हा आदिवासींनी तीव्र विरोध केला, आणि २०१७ साली राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी ते परत पाठविले.