दोस्ती, धंदा आणि भागीदारीपत्र

गैरसमज: मित्राबरोबर धंदा केला की दोस्तीही जाते आणि धंदाही.

हा सल्ला देणाऱ्याने बहुधा आपल्या नात्यातली एखादी भाऊबंदकी जवळून पाहिलेली असते. पण मुंबईतली उदाहरणं वेगळं सांगतात. हेनिंग हॉल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे डॅनिश इंजिनिअर एकाच सिमेंट-यंत्र कंपनीच्या नोकरीत होते. 1938 मध्ये त्यांनी मुंबईत भागीदारी केली. पहिलं ऑफिस एवढंसं होतं की एका वेळी दोघांपैकी एकालाच तिथे बसता यायचं. डेन्मार्कहून डेअरीची यंत्रं आणून विकायची, हा धंदा. 1940 मध्ये जर्मनीने डेन्मार्कच ताब्यात घेतला आणि माल यायचा थांबला. विकायला काही नाही, मायदेशाशी संपर्क तुटलेला. अशा वेळी भागीदार एकमेकांवर खापर फोडतात. या दोघांनी छोटं वर्कशॉप टाकलं आणि दुरुस्ती-जोडणीची कामं धरली. त्याच भागीदारीची 1946 मध्ये कंपनी झाली, आणि पुढे पवईच्या दलदलीत कारखाना उभा राहिला. एल अँड टी म्हणतात ती हीच.

गैरसमज: मैत्री जुनी असली म्हणजे झालं.

मैत्री कसली, हे महत्त्वाचं. नोआम वासरमन या अमेरिकन अभ्यासकाने हजारो संस्थापकांची माहिती गोळा केली. त्यात आधी एकत्र नोकरी केलेल्यांच्या जोड्या जास्त टिकाऊ निघाल्या आणि नुसत्या मित्रांच्या किंवा नातेवाइकांच्या जोड्या लवकर फुटल्या. मला यात नवल वाटत नाही. कट्ट्यावर माणूस दिलदार दिसतो. महिन्याच्या 30 तारखेला पगाराला पैसे नसताना तो फोन उचलतो का, हे कट्ट्यावर कळत नाही. 1981 मध्ये पुण्यात इन्फोसिस काढणारे सातही जण पटणी कॉम्प्युटर्समध्ये एकत्र काम केलेले होते. त्यांनी एकमेकांना कामात पारखलेलं होतं. त्यातूनही एक जण 1989 मध्ये बाहेर पडलाच, तरी कंपनी मोडली नाही.

गैरसमज: आपल्यात कागद कशाला? लिहून घेणं म्हणजे अविश्वास.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. तुम्ही काही लिहिलं नाही, तर तुमच्या वतीने सरकारने 1932 सालीच लिहून ठेवलं आहे: भारतीय भागीदारी कायदा. समजा, एकाने 10 लाख घातले आणि दुसऱ्याने 1 लाख. वेगळं काही ठरलं नसेल, तर नफा निम्मा-निम्मा. तोटाही निम्मा-निम्मा, म्हणजे लाखवाला पुरता अडकला. दुकान रोज उघडणारा एक आणि रविवारी हिशेब बघायला येणारा दुसरा, तरी राबणाऱ्याला पगार मागता येत नाही. भांडवलावर व्याज मिळतं ते नफा असेल तरच, तेही तसं ठरलं असेल तर. भांडवलापलीकडे अडीअडचणीला घातलेल्या रकमेवर मात्र कायदा 6 टक्के व्याज देतो. फर्म किती काळ चालवायची आणि कशी संपवायची हे ठरलेलं नसेल, तर एका भागीदाराच्या लेखी नोटिशीवर ती विसर्जित होते. एकाने फर्मच्या नावावर उधारी केली की वसुली दुसऱ्याच्या घरापर्यंत येऊ शकते. हे मात्र भागीदारीपत्र असलं तरी टळत नाही. ते टाळायचं तर 2008 च्या कायद्याखालची एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, किंवा सरळ कंपनी. आणि फर्म नोंदवलेली नसेल, तर कराराच्या हक्कासाठी भागीदारावर किंवा गिऱ्हाइकावर दावाही लावता येत नाही.

हे सगळं मैत्री उत्तम असताना अर्ध्या तासात ठरतं. बिनसल्यावर वकील लागतात.

गैरसमज: दोघं असलो तर 50-50 हाच न्याय.

कधी कधी असतोही. पण मतं फुटली की निर्णय अडतो. शेवटचा शब्द कोणत्या बाबतीत कोणाचा, एवढं तरी ठरवा.

गैरसमज: आमचा घरोबा पोरंही चालवतील.

गिरगावात 1942 मध्ये चार मित्रांनी रंगाचा धंदा काढला. तोच एशियन पेंट्स. चार घरांनी तो पुढच्या पिढीपर्यंत एकत्र नेला, हे थोडंथोडकं नव्हे. तरी 1997 मध्ये त्यातलं एक कुटुंब आपला वाटा विकून बाहेर पडलं. बापांची मैत्री मुलांच्या नावावर करता येत नाही. वाटा मात्र होतो. कंपनी असल्याने शेअर विकता आले आणि कारभार चालू राहिला. साध्या भागीदारीत, पत्रात वेगळं लिहिलेलं नसेल तर, भागीदाराच्या मृत्यूबरोबर फर्मच संपते.

तेव्हा तुमचं भागीदारीपत्र कपाटात असेल, तर आजच काढून निवृत्ती, मृत्यू आणि वारस ही कलमं दोघांनी मिळून वाचा. नसेल, तर या महिन्यात करून घ्या आणि रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदवा.