कार्बाकॉल टाकल्यावर

उंदराच्या हृदयातून उजवं अलिंद सोडवून, दोन्ही टोकांना दोरा बांधून ते ऑर्गन बाथमध्ये टांगेपर्यंत मॅडम कुणाशी बोलत नाहीत. गाठ फार आवळली तर ऊती चिरडते, सैल राहिली तर तुकडा निसटतो. दुहेरी भिंतीच्या काचपात्रात ३७ अंशांवरचं क्षारद्रावण, खालून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. नखाएवढा तो तुकडा आपला आपणच धडधडू लागतो, कारण ठोक्यांचा उगमच उजव्या अलिंदात असतो. मग मधूनमधून द्रावण बदलत नुसतं थांबायचं. ठोके स्थिरावण्याआधी औषध टाकलं तर प्राणी फुकट गेला, असं मॅडम सुनावतात.

आज दोन बाथ शेजारी शेजारी आहेत. एक अलिंद निरोगी उंदराचं. दुसरं, ज्याला कित्येक दिवस ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाचे बारीक डोस दिले त्याचं. पडद्यावरची कुठली रेघ कुणाची, मला ओळखता आलं नाही.

हे कीटकनाशक ॲसिटिलकोलिन मोडणारं विकर निकामी करतं. हृदयाचा वेग उतरवणारं रसायन म्हणजे हेच ॲसिटिलकोलिन. १९२१ मध्ये ओटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर घालून त्याचा माग काढला होता. ॲसिटिलकोलिन साचत राहिलं की हृदयपेशींवरच्या ग्राहकांवर सतत मारा होतो आणि पेशी ग्राहकच कमी करते. ॲसिटिलकोलिनच टाकून तपासलं तर विकराचा परिणाम कुठला नि ग्राहकांचा कुठला, कळत नाही. म्हणून कार्बाकॉल, त्याला ते विकर मोडू शकत नाही.

पिपेटमधून चढते डोस पडू लागतात. निरोगी तुकडा लगेच मंदावतो. शेजारचा मात्र दाद देत नाही, त्याला वरचा डोस लागतो.

‘तुकडाच मरगळलेला असेल तर?’ मी शंका काढतो. मॅडम दोन्ही बाथ धुऊन घेतात आणि आयसोप्रेनालिन टाकतात. ते वेगळ्या ग्राहकांवर काम करतं. दोन्ही अलिंदं सारखीच उसळतात.

२०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, तेव्हा बातमी झाली. हंगामभर थोडंथोडं विष अंगावर घेणाऱ्याची बातमी होत नाही. उंदरावरून माणसाचा डोस ठरत नाही, हे खरं; पण हृदयाचं औषध लिहिताना ‘फवारणीला जाता का?’ एवढं विचारायला काय हरकत आहे?